शुगर, बीपी आणि विसरायला होणं : वाचकांचे प्रश्न

शुगर असली की म्हातारपणी विसरायला होतं का, हा एकच प्रश्न दहा प्रकारे विचारला जातोय म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तर देतो. धोका वाढतो, पण प्रत्येकाला होतंच असं नाही. गंमत म्हणजे लोक स्वतःच्या चाळिशीत "बघू पुढे" म्हणतात आणि ऐंशीच्या आजोबांची शुगर मात्र कॉलेजातल्या पोरासारखी आणायला बघतात. नेमकं उलटं चाललंय.

वय ४४, ठाणे, बसून काम. एचबीए१सी ६.१ आलंय, त्रास काहीच नाही. आत्तापासून मेंदूची काळजी करू का?

मेंदूची नको, शुगरची करा. एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर. ते ५.७ ते ६.४ म्हणजे प्री-डायबेटिस, डायबेटिसचा उंबरठा, तुम्ही त्यात आहात. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल नावाचा वर्षानुवर्षं चाललेला अभ्यास आहे, त्यात सत्तरीला ज्यांचा डायबेटिस १० वर्षांहून जुना होता त्यांना डिमेन्शियाचा (स्मरणशक्ती आणि समज ढासळत जाण्याचा) धोका डायबेटिस नसलेल्यांच्या साधारण दुप्पट निघाला आणि ज्यांना शेवटच्या पाचेक वर्षांत झाला त्यांच्यात फारसा फरक दिसला नाही. त्यामुळे डायबेटिस जितका लांबवाल तितकं बरं. कंबर टेपने मोजा, पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० च्या आत हवी. पँटचा नंबर सांगू नका, पँट पोटाखाली बांधलेली असते. बीपी आणि कोलेस्टेरॉलही बघून घ्या आणि रिपोर्ट फॅमिली डॉक्टरांना दाखवा, गुगलला नाही.

मेंदूला साखर लागते म्हणे, मग गोड बंद केलं तर मेंदू कमजोर होईल?

नाही. भाकरीतूनही ग्लुकोज मिळतं.

अल्झायमर म्हणजे टाइप ३ डायबेटिस आणि रोज दोन चमचे खोबरेल तेल प्यायलं की तो होत नाही, असा मेसेज आलाय. खरं का?

तुम्हालाच नाही, सगळ्यांना आलाय. अल्झायमर हा डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. टाइप ३ हे अधिकृत निदान नाही, इन्सुलिन आणि अल्झायमरच्या संबंधावरचं संशोधन खरं आहे पण अजून चालू आहे. खोबरेल तेलाने अल्झायमर टळतो असा पुरावा नाही, उलट त्यातल्या सॅच्युरेटेड फॅटने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं आणि वाढलेलं एलडीएल २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ कमिशनने डिमेन्शियाच्या टाळता येण्यासारख्या कारणांत घातलंय. असे मेसेज बहुतेक वेळा शेवटी बाटलीची किंमत सांगतात, खाली स्क्रोल करून बघा.

वडील ७८, सातारा. २० वर्षं डायबेटिस, शुगरची ग्लिमेपिराइड गोळी आणि रात्री इन्सुलिन. मी स्वतः लक्ष घालून एचबीए१सी ५.९ वर आणलंय. हल्ली जेवायच्या आधी चिडतात, घाम येतो, नातवाला भलत्याच नावाने हाक मारतात, जेवले की ठीक. वय झालंय, दुसरं काय?

वय जेवणाआधी वाढतं आणि जेवल्यावर कमी होतं का? ही शुगर लो होण्याची लक्षणं आहेत असंच आधी धरायचं. पुढच्या वेळी ताबडतोब ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी परत बघा, मग जेवण. मशीन हाताशी नसेल तर साखर आधी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ हॉस्पिटल.

मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण ऊर्जा खातो २० टक्के आणि त्याच्याकडे साठा जवळजवळ नाहीच. वयाबरोबर किडनी मंदावते, गोळीचा असर लांबतो, त्यात एकादशीला गोळी घेऊन उपास करायचा. वारंवार खूप लो होणाऱ्या वयस्कर लोकांत डिमेन्शिया जास्त दिसतो, आणि डिमेन्शिया सुरू झाला की माणूस गोळी दोनदा घेतो, जेवायचं विसरतो, परत लो. अमेरिका-कॅनडातल्या अकॉर्ड चाचणीत एचबीए१सी ६ च्या खाली आणायचा प्रयत्न केला, मृत्यू वाढले म्हणून २००८ मध्ये तो कडक उपचार थांबवला, आणि स्मरणशक्तीच्या टेस्टमध्येही फायदा दिसला नाही. अठ्ठ्याहत्तरीत इतर आजार असतील तर ८ पर्यंतही चालवून घेतात. ५.९ हे इन्सुलिनवरच्या आजोबांसाठी कौतुकाचं नाही, काळजीचं आहे. मात्र डोस मनाने बंद करू नका, आजच डॉक्टरांना फोन करा आणि वेळेसकट लिहिलेले आकडे घेऊन जा. फॉलोअपची तारीख पुढच्या महिन्यात आहे, हे कारण चालणार नाही.

आई ६२, शाकाहारी, बरीच वर्षं शुगरची मेटफॉर्मिन गोळी. विसरते, पायाला मुंग्या येतात.

बी-१२ आणि थायरॉइड तपासा. मेटफॉर्मिनने बी-१२ कमी होऊ शकतं, शाकाहारी माणसात तर आधीच कमी असतं. गोळी बंद करू नका आणि तपासणीआधी केमिस्टकडून बी-१२ ची इंजेक्शनंही टोचून घेऊ नका, नंतर रिपोर्ट बघून काही कळत नाही.

वजन आणि शुगर कमी करायचं सेमाग्लुटाइड हे औषध मेंदूसाठी घ्यावं का?

नाही. सुरुवातीच्या अल्झायमरवर मोठ्या चाचण्या झाल्या, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये निकाल आला, आजार मंदावला नाही. शुगर-वजनासाठी डॉक्टरांनी दिलं असेल तर गोष्ट वेगळी.

एमआरआयसकट ब्रेन पॅकेज अर्ध्या किमतीत मिळतंय. वय ५०, त्रास नाही. करू?

त्रास नाही तर नको. गॅस चालू राहतोय, रोजच्या रस्त्यावर चुकायला होतंय, बँकेचे व्यवहार जमेनात, असं असेल तर न्यूरोलॉजिस्टकडे जा, कुठली टेस्ट ते सांगतील. जाताना घरात रोज सोबत असणाऱ्या माणसाला घेऊन जा, पेशंट एकटा गेला की "मला काही होत नाही" एवढं सांगून परत येतो.