वाचकांचे प्रश्न : ‘किंग ऑफ ऑल किंग्ज’ आणि ब्लास्टचा हिशेब

हेट इटर्नल या फ्लोरिडातल्या डेथ मेटल बँडच्या २००२ सालच्या ‘किंग ऑफ ऑल किंग्ज’ या अल्बमबद्दल आणि त्या धाटणीच्या वादनाबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. ब्लास्ट म्हणजे स्नेअर (हातानं वाजणारा खणखणीत ड्रम) आणि किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम) अतिवेगानं आलटून-पालटून वाजवणं.

अल्बम तीनदा ऐकला. पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत एकच भिंत अंगावर येते. यात ऐकायचं नेमकं काय? (वाचक, नाशिक)

आधी फोनचा स्पीकर बाजूला ठेवा. त्यातून खालचे स्वर जवळपास येतच नाहीत आणि उरतो तो नुसता खरखराट. साधा हेडफोन घ्या, आवाज मध्यम ठेवा. मोठ्या आवाजात कान लवकर थकतो आणि मग खरंच भिंत ऐकू येते.

पहिल्या फेरीत फक्त स्नेअर धरा. ड्रमर डेरेक रॉडीचा स्नेअर हा इथला ताल मोजायचा खांब आहे, बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतं. दुसऱ्या फेरीत सिंबल ऐका. सिंबल बदलली की बहुतेक वेळा रिफही (गिटारचा पुन्हापुन्हा येणारा तुकडा) बदलते, आणि भिंतीतले सांधे दिसू लागतात. गिटार तिसऱ्या फेरीत.

बँडचा गिटारवादक आणि गायक एरिक रुटन तेव्हा नवखा नव्हता. रिपिंग कॉर्प्स या बँडमधून तो मॉर्बिड एंजल या बँडमध्ये गेला. ‘डॉमिनेशन’ (१९९५) आणि ‘गेटवेज टू ॲनायलेशन’ (२०००) या दोन्ही अल्बमवर त्याची गिटार आहे. ‘गेटवेज’ हा मुद्दाम संथ, जड अल्बम. तो आधी ऐका आणि लगेच ‘किंग ऑफ ऑल किंग्ज’ लावा. हात तोच, पण चाल दुप्पट-तिप्पट. आमच्या मते या अल्बमची वाट तिथूनच सर्वांत सोपी सापडते.

ब्लास्ट १८० बीपीएमपर्यंत (मिनिटाला १८० बीट) नीट येतो. पुढे खांदा आखडतो, पाय मागे पडतो. (वाचक, कोल्हापूर)

खांदा आखडतो, कारण बोटांचं काम तो करतोय. हिशेब पाहा. २४० बीपीएमला, एका बीटमध्ये चार ठोके धरून, स्नेअरवर सेकंदाला ८ ठोके, आणि मधल्या जागांत उजवा हात व किक एकत्र पडून आणखी ८. लागोपाठच्या दोन ठोक्यांत ६२.५ मिलिसेकंदांचं अंतर, म्हणजे एका हाताला १२५. एवढ्या वेळात काठी वीस सेंटिमीटर वर नेऊन परत आणणं फार काळ टिकत नाही. उंची पाच-सात सेंटिमीटरवर आणा, काठीची उसळी बोटांनी झेला, मनगट जवळपास स्थिर ठेवा.

मेट्रोनोम १४० वर लावा. ३० सेकंद ब्लास्ट, ३० सेकंद विश्रांती, अशा १० फेऱ्या. स्नेअरचा हात वेगळाही घोटा, तोच बहुधा कच्चा असतो. पूर्ण मिनिटभर एकसारखं वाजलं की ४ बीपीएम वाढवा, त्याआधी नाही. फोनवर रेकॉर्ड करून निम्म्या वेगानं ऐका. उजवा हात आणि किक एकत्र न पडता ‘ध-ड’ असे फुटत असतील तर पाय उशिरा येतोय. स्प्रिंग ढिली असेल तर बीटर परतायला वेळ लावतो, फार घट्ट असेल तर पोटरी मिनिटभरात भरून येते. बैठक एवढी उंच हवी की मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती राहील. रॉडी एका पायाच्या ब्लास्टसाठी ओळखला जातो. दुसरा पाय मदतीला घ्यायच्या आधी एक पाय घडवा.

इलेक्ट्रॉनिक किटवर एका ठोक्याचे दोन वाजतात म्हणून अनेक जण मास्क टाइम (एका ठोक्यानंतर पुढचा न मोजण्याचा काळ) वाढवत नेतात. तो ६० मिलिसेकंदांच्या वर गेला की याच वेगातल्या डबल किकचे खरे ठोकेही गिळले जातात. ४० च्या आसपास ठेवा आणि उरलेला दोष थ्रेशोल्ड (किती जोराचा ठोका मोजायचा ती मर्यादा) वाढवून काढा.

सी ट्यूनिंगमध्ये (गिटारच्या तारा खाली उतरवून) घरी रेकॉर्ड करतो. वेगवान ट्रेमोलो (एकच स्वर भराभर छेडणं) रिफचा चिखल होतो. (वाचक, ठाणे)

सी ट्यूनिंगमधली सर्वांत खालची मोकळी तार साधारण ६५ हर्ट्झवर कंपते. ६२.५ मिलिसेकंदांत तिची जेमतेम चार कंपनं पूर्ण होतात. स्वर कानात ठरायच्या आत पुढचा आघात येतो. त्यामुळे या वेगात रिफ ओळखू येते ती पिकच्या टोकदार आवाजावरून, आणि तो आवाज तुम्ही गेनखाली (डिस्टॉर्शनची मात्रा) पुरताय.

गेन एक तृतीयांश कमी करा. ॲम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर जातीचं पेडल लावा : ड्राइव्ह शून्य, लेव्हल जवळपास पूर्ण. ते खालचे स्वर आधीच छाटतं, म्हणून डिस्टॉर्शन घट्ट होतं. तारा १२-५६ किंवा त्याहून जाड घ्या. पातळ तार जोरात छेडली की स्वर वर सरकतो. तारा बदलल्यावर इंटोनेशन (वरच्या पट्ट्यांवरही स्वर नीट लागणं) पुन्हा लावावंच लागतं. पिक १ मिमीपेक्षा जाड, थोडं तिरकं, टोक दोन-तीन मिमीच बाहेर. मिक्समध्ये गिटारला ९०-१०० हर्ट्झवर हाय-पास (त्याखालचे स्वर काढणारा फिल्टर) लावा, तळ बेसला सोडा, आणि किकचा ‘टक्’ ४ ते ६ किलोहर्ट्झमध्ये शोधा.

डावी-उजवी गिटार दोनदा वेगवेगळी वाजवा. एकच ट्रॅक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर रुंदी येत नाही, मधोमध आवाज तेवढा वाढतो. प्रत्येक आघात सॉफ्टवेअरमधल्या तालाच्या ग्रिडवर ओढू नका. चुकलेली ओळ परत वाजवा. ओढून सरळ केलेल्या रिफमधला जीव जातो. पावसाळ्यात तारा गंजतात आणि गिटारची मानही हलते, म्हणून दर टेकआधी ट्यूनर पाहा.

ग्राउल (खोल, गुरगुरता आवाज) केल्यावर घसा दुखतो. सवय होईल का? (वाचक, पणजी)

नाही. दुखलं की त्याच क्षणी थांबा. जोर पोटातून आणि श्वासातून यावा, घसा आवळून नव्हे. सुरुवातीला दिवसाला १५ मिनिटं पुरेत, तीही हळू आवाजात. खरी ताकद माइक देतो. बसलेला आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा.

यानंतर रुटनचं काय ऐकावं? (वाचक, पुणे)

रॉडीच्याच ड्रम्सवरचा ‘आय, मोनार्क’ (२००५), आणि मग ‘फ्युरी अँड फ्लेम्स’ (२००८). ‘किंग ऑफ ऑल किंग्ज’वर बेस आणि आवाज देणारा जॅरेड अँडरसन २००६ मध्ये गेला. ‘फ्युरी अँड फ्लेम्स’वर बेस कॅनिबल कॉर्प्स या बँडच्या ॲलेक्स वेब्स्टरनं वाजवला आणि अल्बम अँडरसनला अर्पण केला आहे. या अल्बमच्या शेवटच्या दोन रचनांची नावं ‘टोम्बो’ आणि ‘कोरोनाख’. पहिला शब्द फ्रेंच, दुसरा स्कॉटिश. दोन्ही गेलेल्या माणसासाठी रचलेल्या संगीताचे.