मे महिन्यात काका राहायला आले

पत्र थोडक्यात असं आहे. गुहागरजवळच्या गावात सासरचं घर. दोन वर्षांपूर्वी १० लाखांचं कर्ज काढून तीन खोल्या नीट केल्या, ए.सी. बसवले, न्हाणीघरं बांधली आणि होमस्टे सुरू केला. लिहिणाऱ्या ताई पुण्यात राहतात, बुकिंग फोनवरून पाहतात, गावात एक जोडपं घर सांभाळतं. वर्षाला ६ लाख रुपये येतात. ‘चार जणांचं बुकिंग आणि उतरतात नऊ, रात्री बारापर्यंत गाणी, चादरींना तेलाचे डाग, याला मी कंटाळले आहे. एक कंपनी २५ टक्के घेऊन सगळं सांभाळायला तयार आहे. घर त्यांच्याकडे द्यावं का? आणि पाहुण्यांकडून अनामत घ्यावी का?’ हे त्यांचे प्रश्न.

शेवटच्या परिच्छेदात त्या जाता जाता लिहितात: ‘मे महिन्यात काका-काकू आठ दिवस राहिले, त्यामुळे दोन बुकिंग रद्द करावी लागली. घर अजून आजेसासऱ्यांच्याच नावावर आहे. काका म्हणाले, आमच्या वाट्याचं काय? त्यांना काही द्यायला हवं का? तसं पैशांचं नियोजन मी केलेलं आहे. होमस्टेच्या कमाईतून बँकेतूनच एक गॅरंटीड पॉलिसी घेतली. वर्षाला अडीच लाख, दहा वर्षं. विसाव्या वर्षी ५० लाख, म्हणजे दुप्पट.’

ताई, माझं बहुतेक उत्तर या शेवटच्या परिच्छेदालाच आहे. कंपनीचा आणि अनामतीचा प्रश्न सोपा आहे, पण तो आज सुटला तरी तुमची अडचण सुटत नाही.

आधी ते ६ लाख पाहू. खर्चाचे आकडे तुम्हीच पत्रात इकडेतिकडे दिले आहेत, मी फक्त ओळीने मांडतो. अ‍ॅपवरून येणाऱ्या ४ लाखांवर कमिशन ६० हजार. घर सांभाळणाऱ्या जोडप्याला महिना १२ हजार, म्हणजे १ लाख ४४ हजार. चहा-नाश्ता ५० हजार, धुलाई आणि चादरी-टॉवेल ३६ हजार, वीज ६० हजार. खाऱ्या हवेने ए.सी.चे पत्रे, पंप आणि गज खाल्ले की दुरुस्ती आलीच, ती ६० हजार. गॅस, साबण, इंटरनेट २४ हजार. बेरीज ४ लाख ३४ हजार. हातात राहतात १ लाख ६६ हजार. हे तुमचं उत्पन्न. ६ लाख ही विक्री आहे. दुकानदार गल्ल्यातल्या पैशाला नफा म्हणत नाही, तुम्हीही म्हणू नका.

आता कर्ज. १० लाख, १२ टक्के, ७ वर्षं: हप्ता महिना साधारण १७,७००, वर्षाला २ लाख १२ हजार. म्हणजे कर्ज फेडतानाच होमस्टे ४६ हजारांनी तोट्यात. त्यावर पॉलिसीचे अडीच लाख. वर्षाला जवळजवळ ३ लाखांचं भगदाड, आणि ते यजमानांच्या ८५ हजारांच्या पगारातून महिन्याला पंचवीसेक हजार काढून बुजवलं जात आहे. तुम्ही धरलंत ६ वजा २ वजा अडीच, दीड लाख शिल्लक. ही शिल्लक कुठल्याच खात्यात नाही, म्हणून ‘पैसे कुठे जातात कळत नाही’ असं तुम्हाला लिहावं लागलं.

यातून मी ज्या ठिकाणी सर्वांत जास्त थांबलो ते वेगळंच आहे. हे कर्ज १२ टक्क्यांचं का? गृहकर्ज स्वस्त असतं. तुम्ही लिहिता, ‘कागदपत्रांमुळे घरावर कर्ज मिळालं नाही, म्हणून यजमानांनी वैयक्तिक कर्ज घेतलं.’ कागदपत्रांमुळे म्हणजे काय, हे काकांनी तुम्हाला मे महिन्यात सांगितलं. आजेसासरे गेले, वाटणी झाली नाही. सासरे, काका आणि आत्या, सगळ्यांचा त्या घरात वाटा आहे. आत्यांचं लग्न झालं, त्या मुंबईला असतात, त्यांनी कधी काही मागितलं नाही, याने वाटा जात नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर सासऱ्यांचं नाव असेल तर त्यावरही विसंबू नका. तो घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही.

बँकेने या घराकडे पाहिलं आणि तारण म्हणून नको म्हटलं. त्याच बँकेच्या त्याच शाखेने या घराच्या कमाईवर तुम्हाला पॉलिसीचा दहा वर्षांचा हप्ता लावून दिला. याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. स्वतःचे पैसे अडकवायची वेळ आली तेव्हा त्यांना धोका दिसला होता. तुमचे अडकवताना तो दिसला नाही.

म्हणजे यजमानांच्या एकट्याच्या नावावरचं कर्ज सगळ्यांच्या घरात गेलं. उद्या काकांनी वाटणी मागितली तर त्यांना तो हक्क आहे. न्हाणीघर उचलून नेता येत नाही. केलेल्या खर्चाचा कोर्टात विचार होऊ शकतो, पण त्याला वर्षं लागतात आणि तोवर खोल्यांना कुलूप. काका वाईट आहेत असं मी म्हणत नाही. आठ दिवस स्वतःच्या वडिलांच्या घरी येऊन राहणं हा गुन्हा नाही. तुम्ही बुकिंग रद्द झाल्याचा हिशेब केला, त्यांनी ज्या घरात ते वाढले तिथे परक्या माणसांची यादी भिंतीवर लागलेली पाहिली. ‘आमच्या वाट्याचं काय’ हा प्रश्न त्यांनी शांतपणे विचारला आहे, तोवरच त्याचं उत्तर द्या.

उत्तर असं द्या. येत्या गणपतीत सगळे घरी येतील. आरती-जेवणं झाली की वरचा हिशेब जसाच्या तसा सगळ्यांसमोर ठेवा, १ लाख ६६ हजारांपर्यंत आणि पुढे कर्जाच्या हप्त्यापर्यंत. लोकांना वाटतं तुम्ही ६ लाख कमावता, कारण तुम्हीच तसं सांगत आला आहात. मग तीन गोष्टी लेखी ठरवा. एक, कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे आणखी ५ वर्षं, होमस्टे चालवायला सगळ्या वारसांची संमती. दोन, मध्ये वाटणी झाली तर दुरुस्तीचे १० लाख आधी कसे भरून निघणार. तीन, गणपतीचे दिवस आणि मेमधला एक आठवडा घर घरच्यांचं, त्या तारखा अ‍ॅपवर आधीच बंद. मेचा तो आठवडा तीन खोल्यांचा पूर्ण भरला असता तरी पन्नासेक हजारांची विक्री जाते. ती जाऊ द्या. कर्ज फिटल्यावर निव्वळ नफ्यातला हिस्सा सगळ्यांना, हेही त्यातच लिहा. कागद गावाकडच्या जमिनीची कामं करणाऱ्या वकिलाकडून करून घ्या, आणि वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र करायचं ठरलं तर ते नोंदणीकृतच हवं. घरगुती स्टॅम्पपेपरवर सह्या करून कपाटात ठेवू नका. आत्यांना बोलावल्याशिवाय ही बैठक घेऊ नका.

आता पॉलिसी. ‘दुप्पट’ या शब्दावर ती विकली गेली. वर्षाला अडीच लाख, दहा वर्षं, आणि विसाव्या वर्षी ५० लाख: याचा परतावा साधारण साडेचार टक्के पडतो. तुम्ही १२ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर ठेवून साडेचार टक्क्यांत पैसे टाकत आहात. एवढं एकच वाक्य त्या टेबलावर कुणी म्हटलं असतं तर सही झाली नसती. तेच हप्ते ७ टक्क्यांनी वाढले तर विसाव्या वर्षी ७३ लाखांच्या आसपास होतात, आणि पीपीएफचा दर सध्या ७.१ टक्के आहे. (पीपीएफमध्ये माणशी वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे, म्हणून दोघांची दोन खाती लागतील.) आणि यातलं काही करायच्या आधी १२ टक्क्यांचं कर्ज कमी करणं, हीच तुमच्यासाठी सर्वांत चांगली गुंतवणूक.

विमा म्हणूनही ती चुकीच्या माणसाची आहे. पॉलिसी तुमच्या आयुष्यावर, २५ लाखांची. घर चालतं यजमानांच्या पगारावर, कर्जही त्यांच्याच नावावर, आणि त्यांचा विमा फक्त कंपनीचा १० लाखांचा, जो नोकरीबरोबर जाईल. ते ४४ वर्षांचे आहेत. एक कोटीचा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा विमा, आधी घ्या. तब्येत आणि सवयी पाहून हप्ता ठरेल, पण अडीच लाखांच्या तुलनेत तो किरकोळ असेल. तो मिळेपर्यंत दुसरं काही बदलू नका.

तुम्ही एकच हप्ता भरला आहे, दुसरा येत्या डिसेंबरात. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करायची मुदत गेली. तरीही हात बांधलेले नाहीत. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनी पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल तर वर्ष संपल्यावर पॉलिसी सोडतानाही काही रक्कम परत मिळते. पूर्वी एका हप्त्यानंतर बहुतेक काहीच हाती येत नसे. विमा कंपनीला ई-मेल करा आणि दोन आकडे लेखी मागा: वर्ष संपल्यावर बंद केली तर किती, आणि पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली तर मुदतीअखेर किती. फोनवरचं उत्तर घेऊ नका. त्याच ई-मेलमध्ये तुमच्या प्रस्ताव अर्जाची प्रत मागा. त्यात तुमचं वार्षिक उत्पन्न ६ लाख लिहिलं असेल आणि ते शाखेतल्या माणसाने भरलं असेल, तर चुकीची विक्री म्हणून आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा, मग विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या तक्रारीच्या संकेतस्थळावर, आणि तिथेही न्याय मिळाला नाही तर विमा लोकपालाकडे. लोकपालाकडे फी नाही, वकील लागत नाही.

पहिले अडीच लाख बुडण्याची भीती वाटेल. त्यातले बरेचसे जातील, हे मी गोड करून सांगणार नाही. पण ते वाचवायला उरलेले साडेबावीस लाख तुमच्याकडे नाहीत. तिसऱ्या-चौथ्या हप्त्याला अडखळून सोडलेली पॉलिसी आजच्यापेक्षा महाग पडेल.

आता तुमचे मूळ प्रश्न. २५ टक्के म्हणजे ६ लाखांवर दीड लाख. खर्चानंतर तुमच्या हाती उरतात १ लाख ६६ हजार. सांभाळणारं जोडपं, वीज, दुरुस्ती तरीही तुमच्याकडेच. म्हणजे कंपनी चालवणार आणि तुम्ही फुकट राबणार. ती म्हणते, ४५ टक्के खोल्या भरून देऊ. तीन खोल्यांच्या वर्षभराच्या १०९५ रात्रींपैकी सध्या तुमच्या २४० विकल्या जातात, ४५ टक्के म्हणजे ४९०. जून ते सप्टेंबर तुमच्याकडे पावसात कुणी फिरकत नाही, असं तुम्हीच लिहिलं आहे. उरलेल्या आठ महिन्यांत सोमवार-मंगळवारसकट रोज तीनपैकी दोन खोल्या भरलेल्या हव्यात. हे करारात लिहून द्या आणि कमी पडलं तर फरक भरा, असं त्यांना सांगून बघा. नाही म्हणतील, तिथेच विषय संपवा.

अनामतीने नऊ माणसं चार होत नाहीत. अ‍ॅपवरच्या पाहुण्यांकडून वेगळी रोख मागणं बऱ्याच अ‍ॅपच्या नियमांत बसत नाही. तिथे येण्याआधीचे आणि गेल्यानंतरचे फोटो हीच तुमची अनामत. थेट येणाऱ्यांकडून निम्मे पैसे आगाऊ घ्या, प्रत्येक माणसाचं ओळखपत्र आदल्या दिवशी मागा आणि जादा माणसाचा दर बुकिंगच्या वेळीच लिहून पाठवा. नऊ ओळखपत्रं मागितली की आकडा आपोआप खरा होतो. रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर कायद्यानेच बंद आहे, ते दारावर लावा आणि सांभाळणाऱ्या दादांना सांगा की ऐकलं नाही तर तुम्ही त्यांच्या पाठीशी आहात. त्यांना बहुतेक हेच हवं असतं. प्रत्येक पलंगाला चादरींचे तीन जोड ठेवा. तेलाचे डाग पडणारच, त्यावर पाहुण्यांशी भांडण्यापेक्षा वर्षाला १० हजार त्यासाठी धरून चाला.

परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावं लागतं. पर्यटन संचालनालयाकडे न्याहारी व निवास योजनेत नोंदणी झाली नसेल तर वारसांची संमती हातात आल्यावर करा. घराच्या विम्यात पैसे देणारे पाहुणे राहतात हे कळवलं नसेल तर नुकसानीच्या वेळी दावा अडकेल. समुद्र जवळ आहे, विहीर आहे, त्यामुळे पाहुण्याला काही झालं तर त्याच्या जबाबदारीचा विमाही विचारून घ्या. हे उत्पन्न विवरणपत्रात दाखवलं आहे का, ते पत्रात कुठेच नाही. चहा-नाश्ता, साफसफाई देता म्हणजे हा व्यवसाय आहे. एवढ्या विक्रीवर अनुमानित पद्धतीने, बँकेतून आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के आणि रोखीच्या किमान ८ टक्के उत्पन्न दाखवून काम सोपं होतं. अ‍ॅपवरचा व्यवहार आयकर खात्याला कळू शकतो, म्हणून टाळू नका.

आणि एक आकडा फ्रिजवर लावून ठेवा. कर्जाचा हप्ता आणि दादांचा पगार मिळून महिना ३० हजार. पावसाचे चार महिने म्हणजे १ लाख २० हजार. दर वर्षी ३१ मेला होमस्टेच्या वेगळ्या खात्यात एवढे पैसे असले पाहिजेत. नसतील तर त्या वर्षी नवा ए.सी. नाही, नवं काहीच नाही.

विमा कंपनीचे दोन आकडे आणि गणपतीतल्या बैठकीत काय ठरलं, ते मला नोव्हेंबरच्या आत कळवा. डिसेंबरचा हप्ता भरायचा नाही असंच मला आज वाटतं, पण लेखी आकडे पाहून पक्कं सांगेन.