रोज डायरी लिहूनही चिंता वाढतेच आहे. लिहिणं बंद करू का?

‘मनात येईल ते लिहून काढ’ या सल्ल्यावरून तुम्ही दोन महिने रोज रात्री अंथरुणात तासभर लिहिताय आणि धडधड उलट वाढलीय. वही बंद करू नका, तो सल्ला बंद करा. दुःख लिहून हलकं होतं. चिंता नुसती लिहीत बसलं की पोसली जाते, कारण ती न घडलेल्या गोष्टीची असते. एका ‘असं झालं तर?’ मधून दुसरं निघतं, पानं भरतात, हाती काही लागत नाही. यावर मी आजवर पुष्कळांशी भांडलोय, पुढेही भांडेन.

हा सल्ला देणारे लोक हमखास मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ सालच्या प्रयोगाचा दाखला देतात. त्यात विद्यार्थ्यांनी आयुष्यात घडून गेलेल्या क्लेशदायक प्रसंगांबद्दल रोज १५ मिनिटं, सलग फक्त ४ दिवस लिहिलं होतं. लिहिल्यालिहिल्या त्यांचं मन जास्तच खिन्न झालं. फायदा दिसला तो पुढच्या महिन्यांत. यात रोजचा तासभर कुठून आला?

चिंतेसाठी रकाने आखा. प्रसंग, विचार, भावना (० ते १००), विचाराच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा, जास्त पटणारा विचार, भावना पुन्हा ० ते १००. संज्ञानात्मक उपचारपद्धतीत, म्हणजे विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचारात, हाच तक्ता वापरतात. समजा, वरिष्ठांचा निरोप आला: ‘उद्या बोलायचंय.’ विचाराच्या रकान्यात बहुतेक जण ‘नोकरी जाईल का?’ असं लिहितात आणि तिथेच गाडी अडते. प्रश्नाला पुरावा जोडता येत नाही. ‘उद्या मला कामावरून काढणार’ असं ठाम विधान करा, मग ते तपासता येतं. दुसरी चूक पुराव्यात. ‘त्यांचा सूर वेगळा होता’ हा अंदाज झाला. कॅमेऱ्यात जे दिसलं असतं, तेवढंच पुरावा म्हणून लिहायचं. तिसरी चूक, ‘सगळं छान होईल’ असं स्वतःला बजावणं. मन ते मानत नाही. ‘कामाबद्दल बोलणं असेल, कदाचित कानउघाडणीही होईल, पण काढून टाकतील असं अजून काहीच घडलेलं नाही’ हे मनाला पटतं. भीती ८० वरून ५५ वर आली तरी तक्त्याने काम केलं. शून्याची वाट बघू नका. सुरुवातीला एका तक्त्याला २० मिनिटं सहज लागतात.

शेवटी एक रकाना कोरा ठेवा: ‘प्रत्यक्षात काय झालं’. तो आठवड्याने भरायचा. माझ्या मते अख्ख्या वहीत मोलाचा रकाना हाच, आणि लोक नेमका तोच गाळतात.

वेळ संध्याकाळची, रोज तीच, जागाही तीच, अर्धा तास. मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये चिंतेसाठी अशी राखीव वेळ ठेवण्याची पद्धत मांडली. दिवसभरात काळजी डोकावली की चारच शब्द टिपायचे आणि संध्याकाळवर ढकलायचं. अंथरुणात अजिबात लिहू नका. झोपण्याआधी हात शिवशिवलेच तर ५ मिनिटं फक्त उद्याची कामं, आणि तीही नेमकी: ‘बिल’ नाही, ‘११ वाजता वीजबिल भरणे’. झोपेचे अभ्यासक मायकल स्कलिन यांच्या २०१८ च्या प्रयोगात राहिलेली कामं लिहिणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोपले होते. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर.

एक राहिलं. लिहिल्याशिवाय चैनच पडेना, तोच तक्ता खात्रीसाठी पुन्हा पुन्हा भरावासा वाटला, तर वहीच चिंतेचा भाग झालीय. तेव्हा थांबा आणि मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. वही सोबत न्या, पहिल्या भेटीत सांगायला ती कामी येते. जीव नकोसा वाटत असेल तर तक्ते बाजूला ठेवा आणि आजच, आत्ता, कोणाला तरी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.