छोटे हायपरस्पेक्ट्रल कॅमेरे खरंच कामाचे असतात का? बेदाण्याच्या प्रतवारीसाठी घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की तासगावला घरचं बेदाणा प्रतवारीचं युनिट आहे, कलर सॉर्टरही आहे, पण बेदाण्याच्याच रंगाच्या काड्या त्यातून निसटतात. प्रदर्शनात मुठीएवढा हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा पाहिलात आणि विक्रेता म्हणाला, "यातून सगळं दिसतं." मी भोसरीत कारखान्यांच्या सरकत्या पट्ट्यांवर कॅमेरे बसवायचं काम करतो, त्यामुळे हे वाक्य मी बरेचदा ऐकलंय. सगळं दिसत नाही. तुमच्या काड्या मात्र दिसतील, पण बहुधा त्या कॅमेऱ्यातून नव्हे.

शाळेत आपण "तानापिहिनिपाजा" पाठ केलं. साधा कॅमेरा त्या सात रंगांचे तीनच ढीग करतो : तांबडा, हिरवा, निळा. हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा त्याच प्रकाशाचे शंभर-दोनशे पातळ काप करतो, आणि तांबड्याच्या पलीकडे, डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त भागातही जातो. प्रत्येक बिंदूला रंगाऐवजी एक वक्ररेषा मिळते : कुठल्या कापात किती प्रकाश आला याची. प्लास्टिकचं हिरवं पान आणि कढीपत्त्याचं पान शेजारी ठेवा. डोळ्याला दोन्ही सारखीच हिरवी. पण प्रकाशाची तरंगलांबी ७०० नॅनोमीटरच्या पुढे गेली, म्हणजे तांबडा संपून अवरक्त सुरू झालं, की खरं पान एकदम उजळतं आणि प्लास्टिकचं सहसा तसं उजळत नाही. हिरवा रंग फसवू शकतो, रेषेची ती चढण सहसा फसवत नाही.

हे तंत्र जुनं आहे. नासाचं अ‍ॅव्हिरिस हे उपकरण १९८७ मध्येच विमानातून मोजमाप घेत होतं, त्यात २२४ पट्टे, म्हणजे प्रकाशाचे २२४ काप. चांद्रयान-१ वर बसून गेलेल्या नासाच्या मून मिनरॉलॉजी मॅपरने वक्ररेषेत ३ मायक्रोमीटरजवळ (म्हणजे ३००० नॅनोमीटरजवळ) आलेली एक घसरण टिपली, त्यावरून २००९ मध्ये चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या खुणा असल्याचं जाहीर झालं. नवं आहे ते आकारमान. नोव्हेंबर २०१८ मध्ये पीएसएलव्ही-सी४३ रॉकेटने इस्रोचा ३८० किलोचा हायसिस हा हायपरस्पेक्ट्रल उपग्रह नेला, आणि त्याच रॉकेटवर बुटांच्या खोक्याहून लहान असा एक फिनलंडचा उपग्रहही होता, हायपरस्पेक्ट्रल कॅमेऱ्यासकट! जमिनीवरही तेच झालं. फिनलंडच्याच स्पेसिम कंपनीने २०१७ मध्ये हातात धरायचा कॅमेरा काढला, २०४ पट्टे, वजन १.३ किलो. बेल्जियमच्या आयमेक या संशोधन संस्थेने तर प्रकाश गाळणारे थर थेट सेन्सरच्या पिक्सेलवरच चढवले, त्यामुळे प्रकाशाचे काप करणाऱ्या भिंगं-जाळ्यांचा मोठा पसाराच गेला.

आता तुमची काडी. काडी म्हणजे वाळलेलं लाकूड, बेदाणा म्हणजे साखर आणि थोडं पाणी. रंग सारखा असला तरी १४५० नॅनोमीटरच्या आसपास पाणी प्रकाश जोरात शोषतं, साखरेची खूणही त्याच शेजारात असते. तिथे कॅमेऱ्याला बेदाणा काळा दिसतो, काडी उजळ राहते. खड्यात यातलं काहीच नसल्याने त्याची रेषा जवळपास सपाट. अडचण अशी की मुठीएवढे स्वस्त कॅमेरे बहुतेक सिलिकॉन सेन्सरचे असतात आणि सिलिकॉनची नजर १००० नॅनोमीटरच्या आसपास संपते. पाण्याची एक खूण ९७० च्या आसपास आहे खरी, पण ती मुळात अशक्त, आणि सेन्सरही तिथे धापा टाकत असतो. तुम्हाला हवा ९०० ते १७०० बघणारा इंडियम-गॅलियम-आर्सेनाइड सेन्सर. तो कितीतरी महाग असतो. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा : पल्ला किती, म्हणजे किती नॅनोमीटरपासून कितीपर्यंत दिसतं? पट्ट्यांची संख्या नंतर.

दुसरा प्रश्न उजेडाचा. एलईडी चालत नाही. पांढऱ्या एलईडीत अवरक्त प्रकाश जवळजवळ नसतोच. मी नवखा असताना एका कारखान्यात त्यांच्याच एलईडी नळ्यांखाली दोन दिवस मोजमाप केलं, आणि ७०० च्या पुढे निव्वळ खरखर हाती आली. हॅलोजन लागतो. तो तापतो, आणि तापलेला बेदाणा पट्ट्याला चिकटतो, म्हणजे पंख्याचीही सोय आली. शिवाय तुलनेसाठी पांढऱ्या टाइलचं आणि झाकण लावून अंधाराचं मोजमाप दिवसातून अनेकदा घ्यावं लागतं. ते चुकवलं की सकाळचा बेदाणा दुपारी काडी ठरतो.

प्लास्टिकच्या भंगाराचं काम मला या तंत्राचं सगळ्यात चोख उदाहरण वाटतं. भंगारवाला तुकडा जाळून वास घेतो, पाण्यात टाकून बघतो, आणि बरोबर ओळखतो. पण सेकंदाला शेकडो तुकडे जाळता येत नाहीत. पीईटी, पीपी, पीव्हीसी या प्लास्टिकच्या प्रकारांच्या रेषा अवरक्तात स्पष्ट वेगळ्या. पीईटीच्या भट्टीत पीव्हीसीचे थोडे तुकडे गेले तरी त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि माल पिवळा पडतो, म्हणून ही निवड पैशाची. आमच्या एका चाचणीत मात्र काळे तुकडे गायबच झाले. काळ्या प्लास्टिकमधलं काजळीसारखं कार्बन ब्लॅक जवळजवळ सगळा प्रकाश गिळतं, आणि आमचा पट्टाही काळा! कॅमेऱ्याच्या मते पट्टा रिकामाच धावत होता. त्यासाठी ३ ते ५ मायक्रोमीटरचे थंड करावे लागणारे कॅमेरे असतात, ते वेगळंच प्रकरण.

बाकी धंदे थोडक्यात. औषधाच्या गोळीत मूळ द्रव्य सगळीकडे सारखं मिसळलंय का हे दिसतं. शस्त्रक्रियेत आतड्याच्या कापलेल्या टोकाला रक्त पोचतंय का हे रक्तातल्या ऑक्सिजनच्या खुणेवरून कळतं. ड्रोनवर लावून पिकाचा ताण बघतात, पण ढग आला की सगळं मोजमाप डळमळतं. मला आवडणारा किस्सा मात्र ग्रंथालयातला : अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० मध्ये दाखवलं की स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात जेफरसनने आधी "प्रजा" लिहिलं होतं, ते पुसून त्यावर "नागरिक" लिहिलं. पुसलेला शब्द अशाच कॅमेऱ्यातून वाचता आला.

आणि काय दिसत नाही? आतलं. हा प्रकाश फळात काही मिलिमीटरच शिरतो. हापूसच्या कोयीजवळचा साका पकडतो म्हणून कोणी कॅमेरा विकत असेल तर आधी त्याच्यासमोर पन्नास आंबे कापायला लावा.

तुम्ही तो प्रदर्शनातला कॅमेरा घेऊ नका, असं माझं मत. एका ५१२ गुणिले ५१२ चित्राचे २०४ पट्टे म्हणजे सुमारे १०७ एमबी. धावत्या पट्ट्यावर एवढं चाळत बसायचं कशाला? या कॅमेऱ्याचा खरा उपयोग एकदाच शोध घ्यायला होतो : कुठले तीन-चार पट्टे काडी आणि बेदाणा वेगळे करतात ते कळलं की तेवढेच बघणारं साधं यंत्र पुरतं. अवरक्त चॅनेल असलेले सॉर्टर बाजारात आहेत. त्यांच्याकडे तुमचा माल चाचणीला पाठवा. पण विक्रेत्याला स्वच्छ नमुना देऊ नका. दोन-तीन शेडमधला हिरवा, पिवळा आणि काळा माल घ्या, थोडा कोल्ड स्टोरेजमधला आणि थोडा पावसाळ्यात दमट झालेला मिसळा, त्यात तुमच्या हाताने मोजून शंभर काड्या आणि वीस खडे टाका. त्यातले किती काड्या-खडे यंत्राने बाजूला काढले, आणि त्यांच्याबरोबर चांगला बेदाणा किती फेकला गेला, हे दोन्ही आकडे मागा. दुसरा आकडा ते आपणहून सांगत नाहीत.