गोळी उतरायच्या आत

प्रिय मुली,

परवा फोनवर तू ‘बाई’ म्हणालीस आणि मग बराच वेळ गप्पच राहिलीस. शेवटी विचारलंस, ‘किती वर्षं?’ मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. एक तर संध्याकाळ झाली होती, आणि संध्याकाळी माझा आवाज गळ्यातच राहतो. दुसरं म्हणजे प्रश्न चुकला होता. पण छत्तिसाव्या वर्षी पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, निदान झालेल्या मुलीला ‘तुझा प्रश्न चुकलाय’ असं फोनवर ऐकवू नये, एवढं मला निवृत्तीनंतर तरी कळायला लागलंय. म्हणून हे पत्र.

पाच सकाळी मिळून लिहितेय. गोळी घेतल्यावर पाऊण तासाने हात माझं ऐकायला लागतो आणि पुढे दोनेक तासांनी ऐकेनासा होतो. तेवढ्यात होईल तेवढं लिहायचं. जिथे अक्षर मुंगीएवढं झालेलं दिसेल तिथे गोळी उतरली असं समज. कागद मुद्दाम रुंद रेघांचा घेतलाय. डोळ्यांपुढे रेघ असली की हाताला अक्षराची उंची आठवते, कोऱ्या कागदावर मात्र तो विसरतो. हे तूही करून बघ.

माझा पार्किन्सन्स अक्षरापासूनच सुरू झाला. फळ्यावर समीकरण डावीकडे सुरू व्हायचं ते तुला आठवत असेल तसंच ठसठशीत, आणि उजवीकडे पोचेपर्यंत आकडे बारीक होत जायचे. मला ते दिसतच नव्हतं. एक दिवस मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, ‘बाई, शेवटचा आकडा लागत नाहीये.’ मी सगळ्या वर्गासमोर त्याला डोळे तपासून घ्यायला सांगितलं, तेही जरा तिखटपणे. बिचाऱ्याने खरंच तपासून घेतले. नंबर काही निघाला नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बाकावरची मुलगी तेच म्हणाली. तास संपल्यावर मी मागे जाऊन शेवटच्या बाकावर बसले आणि फळ्याकडे पाहिलं. माझंच उत्तर मला वाचता येईना.

तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते, आज पासष्ट आहे. निदान झाल्यावर पुढची दीड वर्षं मी ते शाळेत कुणाला कळू दिलं नाही, आणि या पत्रात मला जे सांगायचंय ते त्या दीड वर्षातून आलंय. आपला कंप हात स्वस्थ असताना जास्त दिसतो. हात कामाला लागला की बहुतेक वेळा दबतो. हे लक्षात आल्यावर मी सतत हातात काहीतरी धरायला लागले. वर्गात डस्टर, शिक्षकांच्या खोलीत किल्ल्यांचा जुडगा, बैठकीत वही. कुठल्या खुर्चीवर बसलं की उजवा हात भिंतीकडे जाईल, हे आदल्या रात्री ठरवायचे. सह्या करायच्या त्या सकाळच्या सकाळीच उरकायच्या. आणि गंमत अशी, की मनावर ताण आला की कंप वाढतोच. म्हणजे लपवायच्या धास्तीने तो वाढायचा आणि वाढला म्हणून आणखी लपवायला लागायचं. घरी आल्यावर मी गळून गेलेली असायचे. मला वाटायचं, आजार वाढतोय. आजार तेवढा वाढला नव्हता गं, मी दोन नोकऱ्या करत होते.

बरं, एवढं करून लपलं होतं का? नाही. शिपायाला माहीत होतं. आठवीच्या मुलींना माहीत होतं. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८१७ साली या आजारावर पहिला निबंध लिहिला तो सहा माणसांवरून. त्यांतली काही त्याला रस्त्यात भेटलेली, आणि एकाला तर त्याने नुसतं दुरून पाहिलं होतं. दोनशे वर्षांपूर्वी जे रस्त्यापलीकडून ओळखू येत होतं, ते मी डस्टरमागे लपवायला निघाले होते.

म्हणून पहिलं काम घरच्यांना सांगायचं, नुसतं नाव न सांगता सगळं समजावून. मेंदूच्या खोल भागात काळसर पेशींचा एक पुंजका असतो. त्या डोपामिन नावाचं रसायन तयार करतात आणि त्याच्या जोरावर आपल्या हालचाली सहज होतात. या पेशी हळूहळू मरतात. हात थरथरायला लागतो तोवर निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त गेलेल्या असतात, असं मानलं जातं. म्हणजे ‘मी त्या वर्षी एवढी दगदग केली म्हणून झालं’ हा जो हिशोब तू रात्री मांडत असशील, तो पुसून टाक. माझा वास निदानाच्या सहा-सात वर्षं आधीच गेला होता. सर्दी समजून मी सोडून दिलं. कित्येकांच्या बाबतीत बद्धकोष्ठ किंवा झोपेत हातपाय झाडणं हेही असंच आधी येऊन बसलेलं असतं.

नोकरीच्या ठिकाणी मात्र घाई करू नकोस. आत्ताच लपवू नको म्हटलं आणि लगेच हे सांगतेय, पण दोन्ही खरं आहे. घरी न सांगण्याची किंमत तू रोज मोजशील, कामावर सांगण्याची किंमत कोण किती लावेल हे माणसामाणसांवर आहे. आधी औषध बसू दे, दिवस कसा जातो ते कळू दे. मग एकाच माणसाला, ज्याच्या हातात तुझ्या कामाच्या वेळा आहेत त्याला, काय हवंय ते नेमकं सांग. ‘मला आजार आहे’ असं म्हटलं की माणसं घाबरतात आणि नको तेवढी दया करतात. ‘साडेअकरापर्यंतची बैठक मला चालते, चारची चालत नाही’ असं सांगितलं की ती वेळ बदलतात.

आता औषधाबद्दल, कारण त्यावर तू वेडंवाकडं बरंच वाचलेलं असणार. लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत जाऊन डोपामिन होणारं आपलं मुख्य औषध, ‘उशिरा सुरू केलेलं बरं, म्हणजे पुढे पुरेल’ असं तुला कुणीतरी सांगेल. गोळ्या म्हणजे ठेव नव्हे, न घेता साठवल्याने पुढे व्याज मिळत नाही. तुझ्या वयात पुढे अंगाची आपोआप वळवळ, म्हणजे डिस्कायनेशिया, लवकर येऊ शकतो, म्हणून डॉक्टर मात्रा जपून ठरवतात किंवा आधी दुसरं औषध देतात. ते त्यांच्याशी बोल. पण आजची चांगली वर्षं भीतीपोटी ताठरलेल्या अंगाने काढू नकोस.

लेव्होडोपा रक्तात फार टिकत नाही, दीड तासात निम्मं होतं. सुरुवातीला उरलेल्या पेशी सांभाळून घेतात, म्हणून गोळी चुकली तरी कळत नाही. पुढे कळायला लागतं, आणि मग दिवसाचे तुकडे पडतात: चालू आणि बंद. एक वही ठेव. कितीला गोळी, कितीला जेवण, कितीला हात सुटला, कितीला पाय जड झाले. दोन आठवड्यांची ती वही डॉक्टरांपुढे ठेवली की दहा मिनिटांच्या भेटीत अर्ध्या तासाचं काम होतं. माझ्या वहीनेच दाखवून दिलं की भरपूर प्रथिनांच्या जेवणाबरोबर घेतलेली गोळी माझ्यावर चालतच नव्हती. प्रथिनांचे घटक आणि हे औषध आतड्यातून एकाच दाराने आत जातात, तिथे रेटारेटी होते. तेव्हापासून जेवणाआधी अर्धा तास गोळी. तेवढ्यानेच माझ्या दुपारी परत मिळाल्या.

गोळ्या मनाने एकदम कधीही बंद करायच्या नाहीत, जिवावर बेतू शकतं. दुसऱ्या कशासाठी इस्पितळात राहावं लागलं तर गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून उशाशी लाव. मी मनगट मोडून दाखल झाले होते तेव्हा त्यांच्या फेरीच्या वेळेला गोळ्या मिळत गेल्या आणि दुपारपर्यंत मला कूस बदलता येईना. मळमळ होत असेल तर त्यावर काय देताय हेही विचारायचं. मेटोक्लोप्रामाइड आपल्याला चालत नाही, ते डोपामिनचीच वाट अडवतं. आणि कुणी खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण आणून देईल, ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ म्हणत. त्या बियांत लेव्होडोपाच असतं. म्हणजे न मोजता घेतलेली आणखी एक गोळीच ती, डॉक्टरांना न सांगता घेऊ नकोस.

आणखी एक, हे मी फार थोड्यांना सांगितलंय. तरुण रुग्णांना बऱ्याचदा डोपामिनसारखं काम करणाऱ्या गोळ्या आधी देतात. मलाही दिल्या होत्या. चौथ्या-पाचव्या महिन्यात मी रात्री अडीचला उठून मोबाइलवर वह्या मागवायला लागले. रेघी, चौकटी, आलेखाच्या. निवृत्ती जवळ आलेली बाई, आणि कपाटात त्रेसष्ट कोऱ्या वह्या! मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हीच मुख्य गोष्ट. नवऱ्याने वह्या मोजल्या आणि डॉक्टरांना फोन केला. मात्रा कमी केल्यावर तो झटका गेला. कुणाला जुगार लागतो, कुणाला खरेदी. तुला तशा गोळ्या सुरू झाल्या तर घरातल्या एका माणसाला आधीच सांगून ठेव: माझ्या पैशांवर लक्ष ठेव, आणि मी चिडले तरी बोल. (वह्या अजून संपल्या नाहीत. हे पत्र त्यातल्याच एकीवर आहे.)

दिवस कसा जातो विचारशील, तर दारात उभी राहून जातो. अतिशयोक्ती करतेय, पण थोडीच. खोलीतून बाहेर पडताना नेमकं उंबरठ्यावर पाय जमिनीला चिकटतात. वरचं अंग पुढे जातं, पाय येत नाहीत. घरचे प्रेमाने हात धरून ओढायचे आणि मी पडायचे. ओढायचं नाही, थांबायचं. मग जमिनीवरची एखादी रेघ शोधायची, फरशीची फट चालते, आणि ती ओलांडायची. आपोआप चालण्याची वाट बंद असली तरी ठरवून टाकलेलं पाऊल दुसऱ्या वाटेने जातं. ठेक्याचाही उपयोग होतो. मी पाढा म्हणते. बे एके बे, डावा. बे दुणे चार, उजवा. बे त्रिक सहापर्यंत दार पार झालेलं असतं. चाळीस वर्षं मुलांकडून घोकून घेतलेला पाढा शेवटी माझ्या पायांच्या कामी आला. नातू आता मला दारात पाहिलं की जोरात ‘बे एके!’ म्हणतो आणि मला हसू येतं, आणि हसताना पाय सुटतात की पाढ्याने, ते देव जाणे.

तू बाळाबद्दल काही बोलली नाहीस, पण मला ते ऐकू आलं. चेहऱ्याचे स्नायूही मंद होतात. आत माया असते आणि वर चेहरा दगडासारखा. माझ्या नवऱ्याला कितीतरी महिने वाटत होतं की मी त्याच्यावर रागावलेय. मोठ्या माणसाचा हा गैरसमज होतो, तर मुलाचं काय होईल! म्हणून त्याला आत्तापासून तोंडाने सांगायची सवय लाव: ‘मला खूप आनंद झालाय, माझा चेहरा जरा उशिरा हसतो.’ मुलं हे चटकन स्वीकारतात. तुझं तोंड उघडण्याआधी तेच लोकांना सांगत सुटेल.

व्यायामाबद्दल मी भाषण देणार नाही. फिजिओथेरपिस्टकडे जा, घाम येईल असं काहीतरी ठरवून कर. आणि सगळं नकोसं वाटायला लागलं, सकाळी उठावंसं वाटेना, तर ‘एवढा आजार झाल्यावर असं वाटणारच’ म्हणून गप्प बसू नकोस. उदासी हा या आजाराचाच एक भाग असतो, कित्येकदा कंपाच्याही आधीचा, आणि तिच्यावर उपचार असतात. मी ते सांगायला चार वर्षं लावली.

आता तुझा प्रश्न. १९६७ साली या आजाराच्या पाच पायऱ्या ठरवल्या गेल्या. त्या तू वाचल्या असशील आणि दर पायरीला वर्षं जोडत बसली असशील. मीही बसले होते, गणिताची बाई ना! मला वाटलं, वाढत जाणारा आजार म्हणजे श्रेढी: पहिलं पद माहीत आहे, दरवर्षीची वाढ काढली की दहावं पद मिळेल. मी कागदावर काढलंही होतं. त्या कागदाप्रमाणे मी सात वर्षांपूर्वीच खुर्चीला खिळायला हवी होते. काही वर्षं काहीच हललं नाही, मग एका पावसाळ्यात दोन गोष्टी गेल्या. बटणं लावता येईनाशी झाली ती गेल्या वर्षी, आणि त्यासाठी मी रडले, चालणं मंदावलं तेव्हाही रडले नव्हते. आता काजातून तारेचा आकडा घालून बटण ओढून घेते, एकेकाला अर्धं मिनिट. हे कुठल्याच पदात बसत नव्हतं. तेव्हा किती वर्षं ते मला सांगता येत नाही, तुझ्या डॉक्टरांनाही येणार नाही. तुझ्या वयात सुरू झाला की हा आजार बहुधा सावकाश पुढे सरकतो, इतकं खरं आहे, आणि ते मी तुझं मन राखायला सांगत नाहीये.

अक्षर बारीक व्हायला लागलंय. यापुढे फोन सकाळी साडेनऊ ते साडेअकरामध्ये कर. मी उचलल्यावर पलीकडून काही ऐकू आलं नाही तरी ठेवू नकोस, मला आवाज यायला जरा वेळ लागतो.

तुझी,
बाई