तेल तेच, मग भाव करणारा कसा बदलतो?

प्रश्न: तेल देशाच्या जमिनीत असतं, तरी सुरुवातीला सगळ्या अटी कंपनीच्या आणि वीस-तीस वर्षांनी तोच देश कंपनीला दमात घेतो. मधे नेमकं काय बदलतं?

उत्तर: अडलेला हरी बदलतो, दुसरं काही नाही!

आधी खाली काय आहे ते कोणालाच माहीत नसतं, विहीर कोरडी निघाली तर पैसे कंपनीचे बुडणार, म्हणून ती म्हणते रॉयल्टी (काढलेल्या तेलावरचा सरकारचा वाटा) कमी घ्या, टॅक्स माफ करा, करार लांबचा द्या, आणि सरकारकडे ना विहीर खणायची रिग ना इंजिनियर, मग सही करतात बिचारे. १९३३ मध्ये सौदी अरेबियाने अमेरिकन कंपनीला तब्बल ६० वर्षांचा करार दिला तो असाच. पण एकदा तेल लागलं, पाइपलाइन आणि बंदर झालं की गाडी उलटी फिरते, कारण पाइपलाइन काही गुंडाळून दुसऱ्या देशात नेता येत नाही. वर तोवर तिथली पोरंही काम शिकलेली असतात. १९५० मध्ये सौदीने नफा निम्मा-निम्मा करून घेतला, १९७३ ला कंपनीत २५ टक्के वाटा, पुढच्या वर्षी ६०, आणि १९८० पर्यंत अख्खी कंपनीच. रेमंड व्हर्नन या अर्थतज्ज्ञाने या शिळ्या होत जाणाऱ्या सौद्याबद्दल १९७१ मध्ये लिहिलं, आणि गंमत बघा, त्याच वर्षी चिलीच्या संसदेने तांब्याच्या मोठ्या खाणी एकमताने सरकारच्या ताब्यात घेतल्या.

पण नुसती विहीर हातात असून भागत नाही हं. इराणने १९५१ मध्ये ब्रिटिश कंपनीच्या हातातलं तेल राष्ट्रीयीकृत केलं, अबादानची एवढी प्रचंड रिफायनरी हातात आली, पण टँकर कंपन्यांचे, गिऱ्हाईक कंपन्यांचं, ब्रिटनने बहिष्कार टाकला आणि शेजारच्या देशांतून जास्त तेल काढून कंपन्यांनी तूट भरून काढली. इराणचं तेल पडून राहिलं, आणि १९५३ मध्ये पंतप्रधान मोसादेक यांचं सरकारच उलथवलं गेलं. एकेकट्याला असं खेळवता येतं हे कळायला वेळ लागला, १९६० मध्ये बगदादला पाच देशांनी ओपेक ही तेल विकणाऱ्या देशांची संघटना काढली तेव्हा कुठे.

कंपन्याही शहाण्या झाल्यात म्हणा. आता करारातच कलम टाकून घेतात की नंतर टॅक्स वाढवायचा नाही आणि भांडण झालं तर तुमच्या कोर्टात नाही, आंतरराष्ट्रीय लवादापुढे.