काचगोळ्या आहेत, इरिडियम नाही: आधी नमुना कसा दळला ते विचारा

खोल समुद्राच्या तळातून काढलेल्या कोअरमध्ये (नळीने काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यात) काळ्या काचगोळ्या मिळाल्या, पण प्रयोगशाळा म्हणते ‘इरिडियममध्ये लक्षणीय वाढ नाही’. इरिडियम म्हणजे पृथ्वीच्या कवचात दुर्मिळ, पण अशनींत बराच असणारा धातू. मग अशनी-आघाताची कल्पना सोडून द्यायची का, असं तुम्ही विचारलंय. हीच ओळ माझ्याही अहवालात होती. म्हणून आधी एवढंच सांगा: कुठल्या खोलीपासून कुठल्या खोलीपर्यंतचा गाळ त्यांनी दळला, हे लिहिलंय का?

मी एकेक सेंटीमीटरचे काप वेगळ्या पुड्यांत, खोली लिहून पाठवले होते. प्रयोगशाळेत ‘वजन कमी पडतंय’ म्हणून सगळे एकत्र दळले गेले, आणि अहवालात त्याचा उल्लेखही नाही. चौकशी केली तर या टेबलावरून त्या टेबलावर. खरं काय ते कळेपर्यंत दळायला काही शिल्लकच नव्हतं. त्या प्रयोगशाळेचा राग आजही गेलेला नाही, कारण पुडीवरची खोली वाचण्याचेही कष्ट कुणी घेतले नाहीत.

यात काय जातं ते बघा. इटलीत गुब्बिओला, एके काळी खोल समुद्रात साचलेल्या चुनखडीत, डायनासोर नाहीसे झाले त्या काळाच्या सीमेवर, सेंटीमीटरभर जाडीची चिकणमाती आहे. तिच्यात इरिडियम नेहमीच्या सुमारे ३० पट निघालं आणि १९८० साली आल्वारेझ पितापुत्रांनी सहकाऱ्यांसह आघाताचा सिद्धांत मांडला. असा एक सेंटीमीटर शेजारच्या नऊ सेंटीमीटरांत मिसळा, ३० पटीचे जेमतेम ४ पट उरतात. एवढी वाढ तर गाळ फार सावकाश साचल्यानेही दिसू शकते, कारण अवकाशातली धूळ सतत पडतच असते.

शिवाय क्रमही पुसला जातो. जाड गोळ्या आधी तळाला जातात, इरिडियमची बारीक धूळ मागाहून बसते. त्यामुळे विवराच्या जवळपासच्या कोअरमध्ये इरिडियमचं शिखर गोळ्यांच्या थराच्या वर असू शकतं. नमुना फक्त गोळ्यांच्या थरातून घेतला असेल, तर ते हुकणारच.

उत्तर पॅसिफिकमधल्या याच सीमेच्या गाळात अशनीचा २.५ मिलिमीटरचा तुकडा मिळाला, ते १९९८ साली प्रसिद्ध झालं. सरसकट दळलं असतं तर तो कधी हाती लागला असता? ‘एल्टानिन’ जहाजाने १९६०च्या दशकात काढलेल्या कोअरमधलं इरिडियम १९८१ साली उजेडात आलं. त्या वेगळ्या आघाताचं विवर आजही सापडलेलं नाही, पुरावा आहे तो फक्त गाळातला. कोअर जपून ठेवले होते म्हणून हे जमलं.

मी रसायनतज्ज्ञ नाही, गोळ्या निवडणारा माणूस आहे, तेव्हा पुढचं मत त्या बेताने घ्या. इरिडियम कमी म्हणून आघात नाही, असं मी मानत नाही. सुमारे ७.९ लाख वर्षांपूर्वीचे मायक्रोटेक्टाइट (आघातात वितळून उडालेल्या काचेचे बारीक कण) हिंदी महासागराच्या गाळात मिळतात; ते मुख्यतः पृथ्वीवरच्याच वितळलेल्या खडकाचे, अशनीचा अंश त्यांत नगण्य. काचेत पाणी अगदी कमी, आत स्फटिक नाहीत, प्रवाहाच्या रेघा दिसतात, तर माझा कल आघाताकडे. बारीक स्फटिक भरलेले असतील तर ज्वालामुखीची शक्यता आधी तपासा, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. काही आघातांच्या गोळ्यांतही स्फटिक असतात. गोळ्या कोअरच्या अगदी वरच्या भागातल्या असतील तर कोळशाच्या राखेचे आणि वेल्डिंगचे मणीही असेच दिसतात, ते आधी वगळा. गाळातले किडे गोळ्या वरखाली नेतात, म्हणून एका कापावर विसंबू नका.

कोअरचा राखीव अर्धा भाग अजून शाबूत आहे का, हे आजच लेखी विचारा. असेल तर गोळ्यांच्या थराच्या वरून खालपर्यंत सेंटीमीटरनिहाय काप मागा, आणि ‘एकत्र करू नये’ हे अर्जात स्पष्ट लिहा. इरिडियमबरोबर ऑस्मियम या धातूच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचं) गुणोत्तरही करून घ्या, अशनीचा अंश आहे का ते त्यावरूनही कळतं.

गोळ्यांचे फोटो इथे टाका, खोलीच्या आकड्यांसकट.